विहिरीच्या वळणावर गाडी मान टाकते तेव्हा

लक्षण आधी सांगतो. तुमच्याकडेही हेच होत असेल तर पुढचं वाचा. अंगणात रुळांवर विजेवर धावणारी छोटी, खेळातली आगगाडी पडवीजवळून झोकात सुटते. आंब्याखालून जाते, तुळशीला वळसा घालते आणि परसात विहिरीच्या वळणावर आली की पुढचा दिवा मंदावतो, मोटरचा आवाज घोगरा होतो आणि इंजिन मान टाकतं. बोटाने ढकललं तर हातभर पुढे सरकतं, पुन्हा बसतं. रूळ घासून लख्ख केले की दोन दिवस बरी धावते. तिसऱ्या दिवशी परत तेच. वर गंमत ही, की सकाळी सातला अडलेली गाडी दुपारी बाराला त्याच जागेवरून काही झालंच नाही अशी निघून जाते.

हे दुखणं मी दोन हंगाम अंगावर काढलं.

आमचं घर गुहागरला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तालुक्यात खरी रेल्वे नाही. कोकण रेल्वे गाठायची तर चिपळूणला जावं लागतं. त्यामुळे अंगणात रूळ पडले तेव्हा शेजारच्या काकांनी "आली हो एकदाची गुहागरास गाडी" अशी आळीभर दवंडी पिटली. फेरा ३८ मीटरचा, गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, ४५ मिलिमीटर. खऱ्या रेल्वेच्या मीटर गेजला, म्हणजे एक मीटर अंतराला, २२.५ ने भागलं की साधारण हेच माप येतं. एलजीबी या जर्मन ब्रँडने १९६८ साली बागेतल्या गाड्यांसाठी ते धरलं आणि आज बागेचं बहुतेक सामान त्याच मापाचं मिळतं. रूळ पितळेचे, एकेक तुकडा ३० सेंटिमीटरचा. सगळी मेख त्या ३० सेंटिमीटरमध्ये आहे. ३८ मीटरला एवढे आखूड तुकडे म्हणजे दोन्ही रूळ धरून अडीचशेच्या वर जोड. रुळांना वीज पुरवणाऱ्या पडवीतल्या कंट्रोलरमधून निघालेली वीज एका जोडातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी, आग लागल्यावर बादल्या हातोहात द्याव्यात तशी, विहिरीपर्यंत पोचते.

(शब्दांचा घोळ नको म्हणून सांगून ठेवतो: दोन तुकडे जिथे मिळतात तो मी ‘जोड’ म्हणतोय. ‘सांधा’ म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारा. रेल्वेतला सांधेवाला त्याच्यावरूनच आला.)

दोष कुठे, याबद्दल घरात मतं बरीच होती. आई म्हणे, विहिरीपाशी सदाची ओल, तिथे कशी चालेल गाडी? भाच्याचं निदान होतं, "मामा, इंजिन म्हातारं झालंय." मी स्वतः रूळ मळलेत असं धरून बसलो होतो आणि रोज सकाळी कुंचा घेऊन बसावं तसा सँडपेपर घेऊन बसत होतो. तिघेही चुकत होतो.

मीटरने मला कसं फसवलं

भाच्याचा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, घेतला. कंट्रोलर पूर्ण वेगावर ठेवला, गाडी उचलून बाजूला ठेवली आणि मीटरची दोन टोकं रुळांना टेकवली. पडवीजवळ १८ व्होल्ट. आंब्याखाली १८. विहिरीच्या वळणावर, जिथे गाडी रोज बसते तिथे, १७.९. म्हणजे वीज व्यवस्थित पोचतेय, तेव्हा दोष इंजिनात. झालं, इंजिन खोललं. कार्बन ब्रश बदलले, चाकं पुसली, गिअरना नवं ग्रीस लावलं. फरक शून्य.

माझा मेहुणा चिपळूणला गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. भाऊबीजेला आला होता. ओवाळणी झाली, फराळ झाला, मग मी त्याला हे आकडे सांगितले. तो चकलीचा तुकडा मोडत म्हणाला, "भाऊजी, नळ बंद ठेवून प्रेशर बघताय तुम्ही. नळ बंद असला की टाकीचं प्रेशर सगळ्या घरात सारखंच लागणार. नळ सोडा, मग कळेल पाइपात गाळ कुठे बसलाय."

मीटर रुळातून वीज जवळजवळ ओढतच नाही. एखादा जोड आतून इतका सडलाय की केसाएवढीच वाट उरलीय, तरी त्या वाटेने मीटरपुरती वीज सहज पोचते आणि मीटर पुरते व्होल्ट दाखवतो. इंजिन मागतं दीड-दोन अँपिअर. ते त्या केसातून जायला लागले की व्होल्ट तिथेच जिरतात.

त्याने गाडीच्या डिकीतून इंडिकेटरचा बल्ब काढला. १२ व्होल्ट, २१ वॅट. भागाकार केला तर १.७५ अँपिअर, म्हणजे दिवे लागलेले डबे ओढणारं इंजिन जेवढं खातं साधारण तेवढंच. कंट्रोलर सोडवून त्या जागी १२ व्होल्टची बॅटरी लावली आणि बल्बच्या तारा विहिरीच्या वळणावर रुळांना चिकटवल्या. बल्ब पेटला म्हणायला पेटला, विडीच्या टोकासारखा लाल. मीटर ७.४ दाखवत होता. बल्ब काढला, मीटर १२.१ वर. लावला, परत ७.४. मी चारपाच वेळा काढून लावून बघितला. दोन वर्षं ज्या पावणेपाच व्होल्टांसाठी रूळ घासत होतो ते असे डोळ्यांदेखत येत-जात होते.

बल्ब घेऊन फेरा मारायचा तो असा

बॅटरी कुठलीही चालेल, जुन्या यूपीएसची किंवा स्कूटरची, फक्त चार्ज असलेली हवी. तिच्या तारेत ५ अँपिअरचा फ्यूज हवाच. रुळावर चुकून पक्कड पडली तर बॅटरी तार लाल करायला मागेपुढे बघत नाही. बल्ब मात्र खरोखर २१ वॅटचा घ्या. मोटरसायकलचे इंडिकेटर बरेचदा १० वॅटचे असतात, त्याने दोष अर्धाच दिसतो.

तुमचा मार्ग गोल फेऱ्याचा असेल तर मोजायच्या आधी तो एका ठिकाणी तोडा. वीज शिरते त्याच्या बरोब्बर समोरच्या बाजूचा एक जोड दोन्ही रुळांवर सरकवून मोकळा करा. हे का, ते पुढे सांगतो. मग बल्ब त्या टोकाला लावून ठेवा, पेटता राहू द्या, आणि मीटर घेऊन वीज शिरते तिथपासून चालायला लागा. आता मीटरची दोन टोकं दोन रुळांना लावायची नाहीत. दोन्ही टोकं एकाच रुळावर, जोडाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. मीटर मिलिव्होल्टवर. चांगला जोड पाचदहा मिलिव्होल्ट दाखवतो. पन्नास दिसले तर खडूची खूण करा. शंभराच्या वर गेले तर तो जोड त्याच दिवशी खोला. माझ्याकडे शंभराच्या वरचे अकरा निघाले आणि त्यातला आंब्याखालचा एक तर एकटा १.४ व्होल्ट खात होता. व्होल्ट, मिलिव्होल्ट नव्हे. हात लावला तर जोड कोमट लागत होता.

आंबा पडवीपासून नऊ मीटरवर. गाडी तिथून मात्र मजेत जायची, कारण तिथवर बाकीचे व्होल्ट शिल्लक असत. रोग आंब्याखाली, मान टाकली विहिरीवर. विहिरीचं वळण वीज शिरते तिथून सगळ्यात लांबचं. शिवाय जागा कमी म्हणून मी तिथे ६० सेंटिमीटर त्रिज्येचं, म्हणजे या मापात मिळणारं सगळ्यात आवळ वळण टाकलेलं, आणि त्यातच थोडा चढ. आवळ वळणावर चाकांच्या कडा रुळाला घासतात, चढावर मोटर जोर काढते, दोन्ही मिळून अँपिअर वाढतात, आणि अँपिअर वाढले की मागच्या प्रत्येक सडक्या जोडावर आणखी व्होल्ट जिरतात. गाडी थांबते ती जागा बघून दोष शोधायला गेलात तर माझ्यासारखे दोन हंगाम जातील.

आता फेरा तोडायचं कारण. गोल मार्गात कुठल्याही जागी वीज दोन बाजूंनी पोचते. त्यामुळे एक जोड पार गेला तरी दुसऱ्या बाजूने काम भागतं आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. पहिला दोष पोटात ठेवून फेरा वर्षभर चालतो. दुसऱ्या बाजूचा जोड ढिला पडला की मग एकदम सगळं बोंबलतं, आणि आपण म्हणतो, कालपर्यंत तर चालत होती! मोजतानाही तसंच. फेरा अखंड असेल तर वीज चांगल्या बाजूने वळसा घेते आणि वाईट जोड मीटरवर सभ्य दिसतो.

सकाळ-दुपारचं कोडंही इथेच सुटतं. पितळ तापलं की वाढतं: १० मीटर रूळ ३० अंशांनी तापला तर साधारण पावणेसहा मिलिमीटर. दुपारच्या उन्हात काळ्या स्लीपरवरचा, म्हणजे खालच्या आडव्या पट्ट्यांवरचा, रूळ हात लावू देत नाही. तेव्हा तुकडे एकमेकांना रेटतात, जोडाच्या पट्टीत घट्ट बसतात आणि वीज जाते. रात्री आखडतात, जोड ढिले होतात. सकाळची गाडी अडते ती म्हणून.

त्यात आपला किनारा

दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात ते मीठ घेऊन येतात. खिडकीच्या गजांवर बोट फिरवून जिभेला लावा, कळेल. रात्री हवा दमट झाली, आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली, की हे मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तोच प्रकार. रुळाच्या वरच्या अंगावरचं पाणी सकाळच्या उन्हाने उडून जातं. जोडाच्या पट्टीखाली, फटीत गेलेलं मात्र तिथेच राहतं आणि आतून हिरवा कळंक चढवतं. त्या पट्ट्या पातळ पितळी पत्र्याच्या असतात. खारट ओलीत पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे तांबूस, ठिसूळ पत्रा उरतो. माझ्या अकरातल्या चार पट्ट्या पकडीत धरल्या बरोबर बिस्किटासारख्या मोडल्या.

आणखी एक चूक माझ्या हातून व्हायची. भाचा खेळून उठला की कंट्रोलर चालूच. रूळ ओले, खाली माती खारट, आणि दोन रुळांत सतत डीसी. म्हणजे अंगणभर पसरलेलं मुलामा चढवायचं भांडंच झालं ते. धन रूळ त्यात जास्त लवकर खातो. खेळ संपला की पडवीतलं बटण बंद, हा नियम आता भिंतीवर खडूने लिहिलाय.

दुरुस्ती

शंभराच्या वरचे जोड खोलले. रुळाची टोकं, विशेषतः खालचा पाय आणि बाजू, बारीक पॉलिश पेपरने पितळ दिसेपर्यंत घासली. जुन्या पट्ट्या फेकल्या, तिथे स्क्रूने आवळायचे पितळी क्लॅम्प लावले. क्लॅम्प महाग पडतात, म्हणून सगळीकडे नाही, फक्त सांध्यांच्या आजूबाजूला आणि जिथून पावसाळ्यात रूळ उचलावे लागतात तिथे. स्क्रू स्टेनलेसचे घ्या. साधे लोखंडी स्क्रू किनाऱ्यावर एका पावसात असे गंजतात की डोकं उडतं आणि बूड आत राहतं. ३०४ चं स्टेनलेसही आपल्याकडे तांबूस डाग धरतं. ३१६ मिळालं तर उत्तम.

आवळायच्या आधी जोडात ग्रीस भरलं. इथे लोक विचारतात की ग्रीस वीज अडवणार नाही का? धातू धातूला दाबून बसला की मधलं ग्रीस बाजूला सरतं आणि उरलेल्या फटी भरून टाकतं. काम आहे ते पाणी आणि मीठ बाहेर ठेवायचं. सिलिकॉन ग्रीस चांगलं. नसेल तर व्हॅसलिननेही एक हंगाम काढता येतो, पण मे महिन्यात ते पातळ होऊन वाहतं आणि त्यावर धूळ बसते.

बाकीच्या जोडांवर तांब्याच्या तारेचे पूल टाकले: दोन तुकड्यांना बाहेरच्या अंगाने डाख देऊन १.५ चौरस मिलिमीटरची तार. याचं तंत्र सांगतो, कारण माझे पहिले सहा पूल एकाच आठवड्यात सुटले होते. घरातलं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न इथे कामाचं नाही. रूळ जाड, सगळी उष्णता तोच पिऊन टाकतो आणि डाख वर नुसता लाडवासारखा बसतो. निदान १०० वॅटचं हवं. डाखाच्या दोन्ही बाजूंना ओल्या फडक्याची पट्टी गुंडाळा, नाहीतर स्लीपर वितळतात. फ्लक्स, म्हणजे डाख नीट धरावा म्हणून लावतात ते, राळच वापरा. ओळखीच्या कल्हईवाल्याने मला नवसागर सुचवला होता. डाख काय सुंदर बसला! पण नवसागर म्हणजे क्लोराइड, मिठाचाच भाऊ. धुऊनही थोडा राहिला आणि महिन्याभरात प्रत्येक डाखाभोवती हिरवी कळी उमलली. तार आधीच कल्हई केलेली मिळाली तर सोडू नका. उघडं तांबं खाऱ्या हवेत इन्शुलेशनच्या आतल्या बाजूनेही काळं पडत जातं. डाख गार झाला की त्यावर ऑइलपेंटचा ठिपका.

सगळे जोड असे जखडून टाकायचे नाहीत. दर चार मीटरला एक जोड सरकता ठेवायचा, तीन मिलिमीटरची फट, आणि त्यावरचा तारेचा पूल सैल, अर्धगोल. नाहीतर एप्रिलच्या दुपारी रूळ नागासारखा वळतो. माझा वळला होता. तुळशीपाशी अख्खा मार्ग स्लीपरसकट वीतभर बाजूला.

शेवटी पडवीपासून विहिरीपर्यंत एक स्वतंत्र तार टाकली, म्हणजे फेऱ्याला वीज दोन ठिकाणी मिळते. तारेची जाडी डोळ्याने ठरवू नका, गणित करा. पूर्वी पडवीतून रुळापर्यंत ०.७५ चौरस मिलिमीटरची तार होती, १२ मीटर जायला आणि १२ यायला. तिचा अडथळा साधारण ०.६ ओहम, म्हणजे २ अँपिअरला १.२ व्होल्ट रुळाला हात लागायच्या आधीच गेले. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत त्याच अंतरात ०.३६ जातात. तार पाइपातून न्या, नुसती पुरू नका. आगरात शिंपणं करताना काकांचं फावडं तिला एकदा तरी शोधून काढतंच.

एवढं झाल्यावर परत तोच बल्ब विहिरीवर लावला. ११.३. पांढराशुभ्र पेटला.

घासायचं कधी आणि कशाने

रूळ पुसावे लागतातच, पण तो रोजचा केर आहे, आजारावरचं औषध नाही. सँडपेपर मी सोडला. त्याचे ओरखडे मळ धरून ठेवतात. भांड्यांचा हिरवा स्क्रबर लाकडी ठोकळ्याला चिकटवून जुन्या केरसुणीच्या दांड्याला बसवलाय. न वाकता एक फेरी मारली की झालं.

पितळ म्हटलं की आपला हात चिंचेकडे जातो. मीही पहिल्या वर्षी चिंचेच्या कोळाने रूळ उजळले, देवाच्या समयांसारखे झगमगले. आठ दिवसांत आधीपेक्षा हिरवे. आंबट उतरलं तरी त्याचा अंश जोडांत राहतो. याचीच दुसरी आवृत्ती आई करते. एप्रिलमध्ये ती आमसुलांची परात सारवलेल्या खळ्यात ठेवते, आणि उन्हाची तिरीप धरून परात दिवसभर सरकत सरकत नेमकी रुळांवर येते. जिथे आगळ ठिबकलं तिथले रूळ दुसऱ्या दिवशी आरशासारखे, आणि पंधरवड्याने तिथलाच जोड बाद. परातीला आता दुसरी जागा दिलीय. तहाच्या अटी इथे सांगत नाही.

माघ-फाल्गुनात एक वेगळंच प्रकरण. आंबा मोहरला की मोहरावर तुडतुडे येतात आणि खाली चिकटा गळतो. पानं चकचकीत दिसतात, रुळांवर पारदर्शक थर बसतो, त्यावर पुढे काळी बुरशी धरते. गाडी आंब्याखाली घसरते, चाकं जागच्या जागी फिरतात, दिवा लुकलुकतो. मी पेट्रोल, स्पिरिट, सगळं लावून पाहिलं, थर नुसता पसरत होता. मग डोक्यात आलं, हा चिकटा गोड असतो, मुंग्या उगाच येत नाहीत. साखर पेट्रोलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं, एका फेरीत साफ. मग कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. इंजिनाची चाकंही तशीच.

पुळणीवरची वाळू

मार्गाखाली काय घालायचं हा प्रश्न मला पडलाच नव्हता. समोर पुळण, तिथली दोन घमेली वाळू आणली. दोन्ही अंगांनी चूक. एक तर ती मीठ सोडत नाही, कायम ओलसर. दुसरं, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत काळी रेती असते, इल्मेनाइट-मॅग्नेटाइटची. साधं चुंबक पिशवीत घालून वाळूतून फिरवा, मिशा फुटतात त्याला. इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबकच आहे. पोटाखालच्या फटीतून ही रेती आत ओढली जाते, गिअरच्या ग्रीसमध्ये मिसळते आणि पॉलिश पेपरचं काम करते. माझ्या पहिल्या इंजिनाचे गिअर असे गेले. मोटर करकरत असेल आणि तुमचं घर किनाऱ्यावर असेल तर बुडाचं झाकण काढून आधी हे बघा.

आता खाली जांभ्याचे चिरे पाणसळ लावून बसवलेत आणि वर क्रशरची बारीक काळी खडी, कचरा पाण्याने धुऊन. चिऱ्यांमुळे गाडी रुळावरून उतरणंही जवळजवळ थांबलं. नुसत्या तांबड्या मातीवर टाकलेला मार्ग एका वळवाच्या सरीत एका अंगाला कलतो. एवढं करूनही गाडी एकाच जागी उतरत असेल तर आडवी पाणसळ ठेवून दोन्ही रूळ एका पातळीत आहेत का बघा, आणि मग त्याच डब्याच्या चाकांमधलं आतलं अंतर मोजा, ४० मिलिमीटरच्या आसपास हवं.

सांध्याची मोटर एका बाजूला जाऊन अडत असेल तर वायरिंग तपासायच्या आधी झाकण उघडा. मुंग्या असतात. दर वर्षी असतात, अंड्यांसकट.

हे सगळं वाचून नव्याने सुरू करणारा कुणी विचारेल की एवढा व्याप कशाला? बरोबर आहे. आज मी पहिल्यापासून मार्ग टाकला असता तर रुळात वीज घातलीच नसती. डब्यात चार लिथियम सेलची १४.८ व्होल्टची बॅटरी, संरक्षक सर्किटसकट, आणि हातात रिमोट. मग रुळांनी फक्त सरळ आणि सपाट राहायचं, कळंक चढो नाहीतर शेवाळ. माझी मालगाडी गेल्या वर्षापासून अशीच चालते आणि एकदाही अडलेली नाही. बॅटरीचा डबा तेवढा मे महिन्याच्या उन्हात उभा ठेवू नये आणि चार्जिंगला घरात, नजरेसमोर लावावा. प्रवासी गाडी मी अजून रुळातल्या विजेवर चालवतो, ती माझी हौस समजा.

पावसाचं थोडक्यात. कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावते, जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं की गाड्या ताशी ४० किलोमीटरवर आणते, रुळांवर गस्त ठेवते. आमच्याकडे गस्तीला माणूस नाही आणि पाऊस तोच, तीन हजार मिलिमीटरहून जास्त. मृगाच्या आधी आम्ही गाशा गुंडाळतो. सांधे आणि क्लॅम्पवाले तुकडे उचलून माळ्यावर, उरलेल्या मार्गाच्या जोडांना ग्रीसचं एक बोट, पडवीतून येणारी तार सोडवून टोकाला टेप, कारण वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा अंगणात ३८ मीटर पितळ घराच्या वायरिंगला बांधून ठेवणं बरं नव्हे. कंट्रोलर कायम पडवीत, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे. बाहेर फक्त कमी व्होल्टची तार.

दसऱ्याला शस्त्रांबरोबर इंजिनाचीही पूजा होते. दुसऱ्या दिवशी पातेरा झाडून, मार्ग जोडून, गाडी ठेवायच्या आधी बल्ब लावून फेरा मारायचा. जोडांना मी पांढऱ्या रंगाने आकडे घातलेत आणि मिलिव्होल्ट वहीत उतरवतो. गेल्या दसऱ्याला सात जोड पन्नासच्या वर होते, त्यातले पाच आंब्याखालचे. ११४ नंबरचा सकाळी ९० आणि दुपारी १२ दाखवत होता. तो खोलायचा बाकी आहे.